जुना मॉनिटर मदरबोर्डला, नवा कार्डाला: आठ महिन्यांनंतर

मी घरून पुस्तकांची मांडणी करतो. डाव्या पडद्यावर लेखकाचा मजकूर, उजव्या पडद्यावर इनडिझाइनमधलं पान, ही अनेक वर्षांची सवय. डावा मॉनिटर जुना, १९ इंची, १२८० बाय १०२४चा. मजकूर वाचायला त्याचा चौकोनी आकार फार सोयीचा आहे आणि तो अजून ठणठणीत चालतो, म्हणून टाकवत नाही. पण त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचा पोर्ट, आहे.

मार्चमध्ये २४ इंची मॉनिटर आणि जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेव्हा पेच पडला. एनव्हिडियाने २०१६च्या जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढून टाकला आहे. माझ्या कार्डावर डीव्हीआय पोर्ट होता, पण निव्वळ डिजिटल. दुकानातून आणलेला डीव्हीआय-व्हीजीए जोड बसलाच नाही, कारण चपट्या पिनेभोवतीच्या चार बारीक पिनांना तिथे भोकंच नसतात. मग एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणला. तो तासाभरात तापायचा आणि अक्षरं थरथरायची. शेवटी लक्षात आलं की प्रोसेसर आय५-१०४०० आहे, त्यात यूएचडी ६३० ग्राफिक्स आहेच, आणि मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरचा, व्हीजीए पोर्ट रिकामा पडलाय.

केबल जोडली तरी पडदा काळाच. कार्ड बसवलं की बरेच बायोस (मदरबोर्डचा मूळ प्रोग्रॅम, त्याची सेटिंग्ज संगणक सुरू होताना उघडता येतात) प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. माझ्याकडे ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ अशी ओळ होती, ती ‘एनेबल्ड’ केली. काही बोर्डांवर ती ‘इंटरनल ग्राफिक्स’ या नावाने सापडते. प्रायमरी डिस्प्ले ‘पीईजी’ ठेवला, म्हणजे कार्डच मुख्य राहतं. इंटेलचा ड्रायव्हर विंडोज ११ने स्वतःच उतरवून घेतला. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदतील का, ही धास्ती होती. व्हिस्टात ते चालत नसे, विंडोज ७पासून चालतं. आठ महिन्यांत मला तरी त्यांचा काही त्रास झालेला नाही.

काळजी घ्यावी लागते ती वेगळ्याच गोष्टीची. खिडकी एका कार्डाने रंगवली आणि दाखवायची दुसऱ्याच्या पडद्यावर, तर प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे कॉपी होते. मजकुराला त्याने काही होत नाही. व्हिडिओ मात्र डावीकडे ओढला की अडखळतो, आणि खिडकी दोन्ही पडद्यांवर अर्धी-अर्धी पसरली तर फारच. म्हणून सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन इनडिझाइन आणि फोटोशॉपला ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे कार्ड दिलं, वर्ड आणि पीडीएफ रीडरला ‘पॉवर सेव्हिंग’ म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय हा बदल लागू होत नाही. हे कळेपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली. तेव्हापासून ज्याची खिडकी त्याच्याच पडद्यावर ठेवतो आणि काम सुरळीत चालतं.

सप्टेंबरमध्ये, दिवाळी अंकांची पानं ऐन रंगात असताना, डावा पडदा एकाएकी गेला. मी केबलला दोष दिला, नवी आणली, तरी तेच. आदल्या रात्री बायोस अपडेट केला होता आणि मल्टी-मॉनिटरची ती ओळ पुन्हा ‘ऑटो’वर गेली होती. आता त्या सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे.

रंग दोन्हीकडे सारखे दिसत नाहीत. डावीकडचा पांढरा पिवळसर वाटतो, त्यामुळे मुखपृष्ठ तिकडे कधीच तपासत नाही. अक्षरं पुसट वाटली तर जुन्या मॉनिटरवरचं ‘ऑटो’चं बटण दाबायचं, रेषा, काना, मात्रा पुन्हा टोकदार होतात.

गेम खेळणाऱ्याने किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याने दोन्ही मॉनिटर एकाच कार्डाला जोडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, जसं आय५-१०४००एफ, तर त्यात ग्राफिक्स चालतच नाही. मदरबोर्डवर पोर्ट दिसला तरी तो मुका. मजकुराचं काम असेल तर मात्र चांगला चालणारा व्हीजीए मॉनिटर भंगारात देऊ नका, आधी मदरबोर्डच्या मागे बघा.