नर्सरीतली फुकट कार्यशाळा: 10 महिने आणि एक भोक

आज सकाळी मोगऱ्याची 17 फुलं निघाली म्हणून लिहायला बसले. ऑगस्टमध्ये बसले असते तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

आमच्या लातुरात एका नर्सरीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बागकामाची मोफत कार्यशाळा असते. माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत समप्रमाणात वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते लिहीत नाही. मी जूनपासून जातेय. दोन चुकल्या: एक भाचीच्या लग्नात, दुसरी नळाला पाणी यायचा दिवस होता म्हणून. आमच्या गल्लीत आठवड्यानं पाणी येतं, त्या दिवशी घर सोडायचं नसतं.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला 8 इंची प्लास्टिकची कुंडी फुकट. मोगऱ्याचं रोप मात्र 60 रुपयांना. फुकट ते पौष्टिक म्हणत मी दोन्ही घेतलं. मालकांनी कुंडी भरून दाखवली, पाणी घालून दाखवलं, टाळ्या झाल्या. कुंडीला भोक नाही, हे कुणी बोललं नाही.

तळाला नुसत्या गोल खुणा असतात, त्या आपण फोडायच्या असतात. मला हे झड लागल्यावर कळलं. आपली काळी माती ओली झाली की चिकटून बसते, त्यात पाणी जायला वाट नाही. पानं पिवळी झाली, मग काळी. रोप उपटलं तर मुळं शिजल्यासारखी, मातीला गटारीचा वास.

तसंच पिशवीत घालून नर्सरीत नेलं. मालक म्हणाले, "ताई, भोक घरी पाडायचं असतंय. सगळ्यांना माहीत असतंय की."

"सगळ्यांना माहीत असतंय तर कार्यशाळा कशाला घेता?"

"कुंडी फुकटच होती ना?"

"रोप फुकट नव्हतं!"

शेवटी 10 रुपये कमी करून दुसरं रोप दिलं. 10 रुपये! तिथल्या माळीमामांनी मात्र काही न बोलता शेगडीवर सळई तापवली आणि कुंडीच्या तळाला चर्र चर्र पाच भोकं पाडून दिली. वर खापरीचे तुकडे टाकायला सांगितलं, म्हणजे माती वाहून जात नाही.

तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा पाय ठेवायचा नाही. गेले, कारण चहा मिळतो आणि मामा असतात. मालकांचं भाषण म्हणजे कोकोपीटच्या विटा खपवायचा फड. 'सकाळ-संध्याकाळ पाणी घाला' म्हणे! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव हे. मामा म्हणतात, बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. माझं पाणी निम्म्यावर आलं. पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडावरची कापसासारखी पांढरी कीड, तिच्यावरही मामांनी बाटलीतलं औषध घेऊ दिलं नाही. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि फवारा. भरड माहेरची, खर्च शून्य.

जानेवारीत त्यांनी मोगऱ्याला ताण द्यायला लावला. जालन्याकडं मोसंबीला देतात ना, तसा. आठवडाभर पाणी तोडलं, मग फांद्या तिसरा हिस्सा छाटल्या, उरलेली पानं ओरबाडली, मूठभर शेणखत घालून पाणी सोडलं. सासूबाई रोज विचारायच्या, "मेलं का गं ते?" मार्चमध्ये डोळे फुटले. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते; मी इतकी वर्षं जुन्या काड्या सांभाळत बसले होते.

म्हणून आता माझं मत असं: जा, पण पाकीट घरी ठेवून जा आणि मामांच्या जवळची खुर्ची धरा.

कुंड्या अजून तशाच वाटतात, बिनभोकाच्या. गेल्या रविवारी नव्या बायका रांगेत होत्या, मी एकेकीला म्हटलं, "तळ बघा आधी." मालक बघत होते, बघू दे. पुढच्या वेळी गच्चीवरच्या भाज्या आहेत. त्या दिवशी नळाला पाणी नसलं तर सळई घेऊनच जाणार आहे.