पिवळ्या पाण्यात गेलेलं सोनं

मी शाळेत विज्ञान शिकवते. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलाय. तोच धडा माझ्या घरात डोळ्यांदेखत घडला आणि मी नुसती बघत बसले. सांगायला लाज वाटते, तरी लिहिते.

भांडी-दागिने उजळून देतो म्हणत दारावर आलेल्या माणसाने आधी एक काळपट तांब्याचं भांडं मागितलं. पावडर लावून चोळलं, लख्ख झालं. मग चांदीची वाटी. तीही उजळली. इथवर लबाडी काहीच नव्हती. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते आणि दोन्ही थर निघतात. पण ही दोन भांडी माझा विश्वास बसावा म्हणून होती. ‘‘ताई, हातातल्या बांगड्या किती काळवंडल्यात! द्या, त्याही करून देतो, पैसे नकोत.’’

मी तिथेच त्याला वाटेला लावायला हवं होतं. शुद्ध सोनं काळवंडतच नाही. हवा, पाणी, घाम, कशाशीच ते सहजी संयोग पावत नाही. 22 कॅरेटच्या दागिन्यात 1000 भागांत साधारण 916 भाग सोनं असतं. उरलेल्या तांब्या-चांदीमुळे झळाळी जराशी मंदावेल, इतकंच. बाकी जो मळ दिसतो तो तेलाचा, साबणाचा, धुळीचा. तो वर नुसता चिकटलेला असतो आणि कोमट साबणपाणी नि मऊ ब्रश एवढ्याने सुटतो. सोनं होतं तसंच राहतं, वजनही तेवढंच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच.

त्याने काचेच्या भांड्यात कॅनमधलं पिवळट पाणी ओतलं आणि बांगड्या सोडल्या. बारीक बुडबुडे यायला लागले. पाणी गडद होत हिरवट-नारिंगी झालं. नाकाला झोंबणारा वास सुटला, वर तपकिरी धूर दिसला. भांड्याला हात लावून पाहिला तर गरम. ‘‘बघा ताई, किती मळ सुटलाय!’’ मी मान डोलावली.

रंग बदलणं, वायू सुटणं, वास येणं, उष्णता बाहेर पडणं. रासायनिक बदलाची हीच चार लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

ते आम्लराज होतं. 3 भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 1 भाग संहत नायट्रिक आम्ल. यांतलं कुठलंही एकटं सोन्याला विरघळवत नाही. एकत्र आली की नायट्रिक आम्ल सोन्याच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लातलं क्लोराइड इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्या अणूंना, म्हणजे आयनांना, लगेच बांधून टाकतं, त्यामुळे ते परत धातू होऊ शकत नाहीत. दागिना गायब होत नाही, थोडा थोडा झिजतो. म्हणून संशय येत नाही.

पंधरा मिनिटांनी त्याने बांगड्या दुसऱ्या भांड्यातल्या थोड्याशा पाण्यात बुचकळून माझ्या हातात दिल्या, मग लाल पावडर फासून कागदात गुंडाळल्या. ‘‘अर्ध्या तासाने उघडा, चमक बसू द्या.’’ एवढ्यात दोन्ही भांड्यांतलं ‘घाण पाणी’ त्याने कॅनमध्ये परत ओतलं, बूच घट्ट लावलं. टाकायला मोरी समोरच होती. घाण सोबत कोण नेतं, हा प्रश्न मला संध्याकाळी पडला.

जुन्या पावतीवर दोन्ही बांगड्यांचं वजन 24.100 ग्रॅम होतं. सराफाच्या काट्यावर 20.950 भरलं. नक्षीच्या कडा बोथट, पृष्ठभाग मातकट. वस्तुमान अक्षय्य असतं हा लाव्हाझिएचा नियम खोटा ठरला नव्हता; घटलेल्या 3.150 ग्रॅममधलं जवळजवळ 2.9 ग्रॅम सोनं त्या कॅनमध्ये जसंच्या तसं होतं. त्यात फेरस सल्फेटसारखं काही घातलं की सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. ती वितळवली की झालं.

याच रसायनाची एक चांगली गोष्टही आहे. 1940 मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत जॉर्ज द हेवेसी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या शास्त्रज्ञांची नोबेल पदकं जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून आम्लराजात विरघळवून ठेवली. बाटली फळीवर तशीच राहिली, कुणाला कळलं नाही. युद्धानंतर त्यातून सोनं काढून पदकं पुन्हा घडवली गेली. मीही तशाच पाण्याकडे बघत होते.

तेव्हा दागिना अंगावरून उतरवायच्या आधी एवढं बघा: समोर वजन होतंय का, आणि ज्या पाण्यात तो बुडवला ते पाणी कुठे जातंय. वजन करायला नकार मिळाला, किंवा पाणी सोबत न्यायची घाई दिसली, तर दार लावून घ्या. फसलाच असाल आणि ते पाणी मागे राहिलं असेल तर ओतून देऊ नका. त्याला हात लावू नका, त्यावर वाकून वास घेऊ नका. खिडक्या उघडा आणि पोलिसांना दाखवा. तुमचं सोनं त्यातच असतं. मी तक्रार दिली, पण दाखवायला कागद आणि लाल पावडर एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बांगड्या धरलेल्या दोन बोटांवर जांभळे डाग उमटले. साबणाने जाईनात. सोन्याचा क्लोराइड कातडीला लागला की उजेडात त्यातलं सोनं सुटं होतं, आणि इतक्या सूक्ष्म कणांचं सोनं पिवळं दिसत नाही, जांभळं दिसतं. आठवडाभर ते डाग घेऊन मी वर्गात खडू धरत होते. त्या पाण्यातलं तेवढंच काय ते माझ्याकडे राहिलं.