जिभेखालची गोळी: अकरा महिन्यांनंतर

मी नाशिकहून वाशी मार्केटला रोज रात्री भाजीचा टेम्पो न्यायचो. तीन वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी दहा दिवसांपुरत्या ट्रामाडॉल या अफूसारख्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. कंबर बरी झाली, पण कॅप्सूल घेतली की रात्रभर थकवा जाणवत नाही हे शरीराने लक्षात ठेवलं. 2018 पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी मला ते मिळत गेलं. कुठून ते लिहीत नाही, कुणाला तरी तोच पत्ता हवा असेल. दिवसाला दोनच्या बारा झाल्या. म्हणजे 600 मिलिग्रॅम, आणि 400 च्या वर जायचं नसतं. गेल्या वर्षी माल चढवताना मला फिट आली. त्याआधी आयुष्यात कधी आली नव्हती. ट्रामाडॉल जास्त झालं की फिट येऊ शकते, हे मला दवाखान्यात कळलं. अर्ध्या तासाने मी घाटात असतो.

त्याआधी दोनदा घरीच सोडून पाहिलं होतं. टर्की, म्हणजे सवयीचं औषध बंद केल्यावर होणारा त्रास, काय असते ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. जांभया, नाकाला धार, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. ट्रामाडॉलच्या टर्कीत वर आणखी भीती असते, कारण नसलेली, छातीत बसणारी. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी मी हरलो.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत असं व्यसन सोडवायला देतात ती बुप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोनची गोळी सुरू झाली. भरती व्हावं लागलं नाही. पहिल्या दिवसाची अट मात्र कडक होती: शेवटच्या कॅप्सूलनंतर एक दिवस जाऊ द्यायचा आणि टर्की नीट लागल्यावरच यायचं. नर्सने नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून गुण मांडले, मगच 2 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली. गिळायची नाही, बोलायचं नाही, विरघळू द्यायची. पाऊण तासात पाय शांत झाले. मी बाकावर बसून रडलो.

इतकं थांबवलं का, हे डॉक्टरांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मार्केटच्या धक्क्यावर एक गाडी लागली की दुसरीला जागा नसते; मेंदूत अशी औषधं जिथे लागतात तिथेही तसंच. ही गोळी धक्का घट्ट धरून बसते, पण तिच्यात माल अर्धाच असतो, म्हणून टर्की थांबते आणि नशा चढत नाही. धक्क्यावर आधीच भरलेली गाडी उभी असेल तर ही तिला ढकलून बाहेर काढते, आणि मग अर्ध्या मालावर शरीर एकदम कोसळतं. घाई करू नका असं मी जीव तोडून सांगतो ते यासाठी. नॅलोक्सोन जिभेखाली जवळजवळ काहीच करत नाही. कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर ते आडवं येतं.

8 मिलिग्रॅमवर मी स्थिरावलो. त्रासही झाला. बद्धकोष्ठता अजून आहे. दात खराब होऊ शकतात म्हणून गोळी विरघळली की पाण्याने चूळ भरायची आणि तासभर ब्रश करायचा नाही, हे मला चौथ्या महिन्यात कळलं, ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. डोस बसेपर्यंत गाडी चालवायची नाही, त्यामुळे पंधरा दिवसांची कमाई गेली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नाही, म्हणून दर आठवड्याला रांग. त्या रांगेला एका कर्मचाऱ्याने मोठ्याने ‘गर्दुल्ल्यांची लाईन’ म्हटलं, तेव्हा माझ्यापुढचा पोरगा निघून गेला. तो पुन्हा दिसला नाही. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

समुपदेशनावर माझा विश्वास नव्हता. मॅडमनी आठवडाभर तलफ आली की फक्त वेळ लिहायला सांगितली. वही पाहिली तर कंबरदुखीचा संबंधच नव्हता; तलफ यायची ती रात्री दोन ते चारमध्ये, मी घरी अंथरुणात असलो तरी. त्या एका वहीमुळे मी रात्रीचं भाडं सोडून दिवसा शहरातली डिलिव्हरी धरली. पैसे कमी मिळतात. नंतर मॅडमनी बायकोला बोलावलं. स्ट्रिप तिच्या ताब्यात, कुलपात असते, कारण मुलगी चार वर्षांची आहे आणि लहान मुलाच्या जिवाला एक गोळीही धोक्याची.

चुकलो ते पाचव्या महिन्यात. मेव्हणा म्हणाला, “दाजी, एक गोळी सुटली आणि दुसरी लागली, एवढंच ना?” ते इतकं लागलं की मी कुणाला न सांगता गोळी एका दिवसात बंद केली. सहाव्या दिवशी चार कॅप्सूल घेतल्या. मध्ये खंड पडला की शरीराची सवय उतरते आणि पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन दिवस तोंड लपवून मग ओपीडीत गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, “पूर्वी कॅप्सूलसाठी खोटं बोलत होतात, आता गोळी घेऊन कामाला जाता. हे दोन्ही सारखं आहे का?” जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते मेव्हण्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो ऐकून घेतो आता.

सध्या 6 मिलिग्रॅमवर आहे. पुढे कधी कमी करायची हे डॉक्टर आणि मी मिळून ठरवणार, नातेवाईक नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या यासोबत अजिबात नकोत, श्वास मंदावतो. दात काढायचा असो की ऑपरेशन, ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, मनाची घालमेल असेल तर 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर. पहिल्या दिवशी रिकाम्या स्ट्रिप सोबत ठेवा, नेमकं काय आणि किती घेत होतात ते डॉक्टरांना कळतं. आणि कुणाला तरी बरोबर न्या. परतताना गाडी त्यांनी चालवायची.