साताऱ्याचा गुलमोहर आणि एक रसवंतीगृह

दरवर्षी १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करणाऱ्या आमच्या साताऱ्यात उन्हाळ्याचा खरा देखावा फुकट पाहायला मिळतो, आणि तो पाहण्यासाठी सकाळी आठच्या आत ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढावर जाणे उत्तम. तिथून खाली पाहिले, की कौलांच्या आणि गच्च्यांच्या मध्ये लाल ठिपके पेटलेले दिसतात. गळून पडलेले फूल हातात घेऊन पाहावे : चार पाकळ्या तांबड्या, तर पाचवी पांढरट, तिच्यावर लाल शिंतोडे. हे झाड मूळचे मादागास्करचे, हे सांगूनही कुणाला पटत नाही. बहाव्याचे पिवळे घोस मात्र अस्सल इथलेच.

उतरल्यावर रस्त्याकडेच्या एका रसवंतीगृहात थांबलो. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबूनच येत होता. कांडी पिळताना मध्ये आले-लिंबू घालण्याची पद्धत इथे पाळली जाते, म्हणून रस नुसता गोड न लागता जिभेवर किंचित झणझणतो. तक्रार एकच, आणि ती मोठी आहे : बर्फ न घालण्यास सांगूनही अर्धा ग्लास बर्फानेच भरला होता, आणि ग्लास एकाच बादलीत विसळले जात होते. पुढच्या वेळी घरचा पेला नेईन. परतताना घेतलेले कंदी पेढे, खवा खमंग भाजलेला असल्यामुळे, बेताचेच गोड निघाले.