आमच्या कुळागराच्या नावाने विकला गेलेला साबण

पाटाच्या कडेने उभ्या पोफळी, मागे कौलारू घर आणि वर सोनेरी अक्षरांत ‘1563 पासूनची पोर्तुगीज लिंबूबाग, गोवा’. असं चित्र असलेला साबण-तेलांचा गिफ्ट बॉक्स कुणी तुम्हाला विकला असेल, किंवा विकू पाहत असेल, तर हे वाचा. ते घर आमचं आहे. बाग पोर्तुगीजांनी लावलेली नाही, आणि बॉक्समधल्या एकाही वस्तूचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग, फोंडा तालुक्यात. पोफळी, माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, मध्ये जायफळ नि केळी, आणि बांधाला तोरिंज, महाळुंग, ईडलिंबू यांची थोडी झाडं. तोरिंज म्हणजे पपनस. गोव्यात त्याला खरा भाव येतो तो चतुर्थीच्या आधी, माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या छताला, बांधण्यासाठी. चतुर्थी झाली की उरलेली फळं घरात खायची आणि शेजारीपाजारी द्यायची.

नेमकं तेव्हाच हे जोडपं आलं. बोलायला अतिशय गोड, मराठी शुद्ध. प्रांतोप्रांतीच्या बागांवरून हाताने साबण, तेलं, अत्तरं बनवतो म्हणाले. उरलेली सगळी तोरिंजं, महाळुंगं आणि बांधावरचा गवती चहा असं सगळं घेतो, बाजारापेक्षा चढा दर देतो. थोडी रक्कम हातावर ठेवली, बाकीची ‘बिलावर, दीड महिन्यात’. फळं मोजून टेम्पोत भरताना माझ्या पुतण्याने वजनाच्या चिठ्ठीवर त्यांची सही घेतली, तेव्हा हसले. “काकी, घरच्यासारखं झालंय आता, सही कसली?” सही केली मात्र.

सासूबाईंना त्यांनी जिंकलं ते वेगळ्याच मार्गाने. दुपारभर त्यांच्या पायाशी बसून ऐकत होते. “आजी, तुम्ही फक्त बोला, आम्ही रेकॉर्ड करतो.” शिकेकाईत वाळवलेली लिंबाची साल कुटून घालायचो, बाळंतिणीच्या न्हाणाला कुठली पानं उकळायची, सणाला केसांत अबोली कशी माळायची, असं सगळं आजी सांगत गेल्या. त्यांच्या वयाला इतकं कान देऊन ऐकणारं माणूस घरातही मिळत नाही, हे खरंच. व्हिडिओ झाले, घराचे फोटो झाले. फळांपेक्षा जास्त किमतीचा माल त्या दुपारी कॅमेऱ्यातून गेला, आणि तो फुकट.

मग दुसरा भाग. आमच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. तिथे त्यांचा माल ठेवा, 40 टक्के कमिशन, फक्त पहिल्या खेपेचे पैसे आधी भरायचे. जाऊबाईंनी 38,000 रुपये यूपीआयने भरले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं होतं. ‘करंट अकाउंट उघडायचं चाललंय’ असं उत्तर मिळालं. बिलाचा फोटो आला, त्यावर जीएसटी क्रमांकही होता.

माल आला आणि आधी हसू आलं ते इतिहासाचं. 1563 हे साल त्यांनी उचललं कुठून ते उघड आहे: त्या वर्षी गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापला गेला. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. पण तो ग्रंथ म्हणजे दोन वैद्यांचा संवाद आहे. कापूर, वेलची, मिरी, जायफळ, आंबा अशा द्रव्यांबद्दल. ‘ओर्ताच्या गुप्त सूत्रावरून’ साबण बनवला म्हणणाऱ्याने तो उघडलेला नाही एवढं नक्की. आणि 1563 साली फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हताच, तो आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांच्या त्रासाने कुठ्ठाळीहून मंगेश आणि वेर्ण्याहून म्हाळसा याच तालुक्यात आणली गेली, ती हा मुलूख त्यांच्या हाताबाहेर होता म्हणूनच. फोंडा त्यांच्याकडे गेला तो 1763 मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी. आमच्या गावात शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. पण लेबल आमच्या गावासाठी नव्हतं, ते विमानतळावर उतरणाऱ्यासाठी होतं.

त्यांच्या पेजवर फुशारकी होती की आमच्या बागेच्या ‘शुद्ध तोरिंज तेला’च्या 5,000 बाटल्या संपल्या. बाटली 10 मिलीची, म्हणजे 50 लिटर तेल. लिंबूवर्गीय सालीतून तेल निघतं ते सालीच्या वजनाच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. त्यांनी नेलेल्या सगळ्या फळांची साल धरली तरी अर्धा लिटर निघालं असतं तर पुष्कळ. बाकीचं कुठल्या झाडाला लागलं?

माझी पुतणी हौसेने साबण बनवते. तिने घरीच खोकं उघडून तपासलं. ‘प्लॅस्टिकमुक्त’ म्हणून आलेल्या पार्सलात थर्मोकोलचे तुकडे होते, तेच तिने वापरले. तोरिंजाची ताजी साल त्यावर पिळली तर जागच्या जागी खड्डे पडले, कारण सालीतल्या तेलात लिमोनिन असतं आणि ते थर्मोकोल विरघळवतं. बाटलीतलं ‘शुद्ध तेल’ मात्र थेंबासारखं तसंच बसून राहिलं. उलट खड्डा पडला असता म्हणून तेल अस्सल ठरलं नसतं, बाकीचेही द्रव ते करतात. पण हे तेवढंही करत नव्हतं. पाण्यात टाकल्यावर ते तरंगण्याऐवजी दुधट होऊन मिसळलं.

जाईच्या बाटलीला तर परीक्षाच नको. लेबलवर ‘म्हार्दोळच्या जाईचं, वाफेवर काढलेलं तेल’. म्हार्दोळच्या जाया गोव्यात प्रसिद्ध आहेत, म्हाळसेला जायांची पूजा बांधतात. पण जाईचा गंध वाफेला टिकत नाही. तो द्रावकाने काढावा लागतो, ढिगाने फुलं लागतात आणि त्या अर्काची किंमत किलोला लाखांच्या घरात जाते. इथे 10 मिली 350 रुपयांना. तीच गत ‘आज खुडलेल्या सुरंगी’ची: सुरंगी फुलते शिमग्याच्या आगेमागे, यांनी ती दिवाळीत खुडली.

साबण म्हणजे किलोवर मिळणारा तयार ग्लिसरीन बेस, वितळवून रंग-सुगंध घालून साच्यात ओतलेला. त्यात वाईट काहीच नाही, पुतणीही सुरुवातीला तोच वापरायची. पण ‘सहा आठवडे मुरवलेला, कॉस्टिक आणि खोबरेल तेलाचा’ असं सांगून 420 रुपये घ्यायचे, ही लबाडी. तशा साबणात कॉस्टिकमुळे बहुतेक पाकळ्या तपकिरी पडतात, रंग धरते ती झेंडूवर्गातली एखादी. यांच्या वडीत जास्वंद लालभडक होती.

एका बाटलीवरची सूचना वाचून मात्र अंगावर काटा आला: ‘लिंबू तेल अंगाला चोळा आणि गोव्याच्या उन्हात पहुडा’. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. माल नकली होता म्हणून आमचे पाहुणे वाचले, असंच म्हणायचं.

लेबलवर काय नव्हतं, हे खरं तर पहिल्यांदा बघायला हवं. साबण-तेल हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन. 2020 च्या नियमांप्रमाणे त्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत लागते. शिवाय निव्वळ वजन, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. इथे फक्त ‘प्रेमाने हाताने बनवलेलं, गोवा’ आणि एक मोबाइल नंबर. बिलावरचा जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. गोव्याचा 30, महाराष्ट्राचा 27, दिल्लीचा 07. पत्ता पणजीचा होता. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून कुणाचा आहे ते फुकट बघता येतं. तो निघाला मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाचा.

फोन आता बंद आहे. फळांचे उरलेले पैसे आणि ते 38,000, दोन्ही अडकले. पोलिसांकडे ‘हा आपसातला व्यवहार’ म्हणून आधी बोळवण झाली, पण सहीची चिठ्ठी दाखवल्यावर तक्रार लिहून घेतली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाला लेबलांचे फोटो दिले. ऑनलाइन भरलेले पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर येतं, उशीर झाला की हाती काही लागत नाही. आमच्या बाबतीत उशीर झाला होता.

कुळागरवाल्यांना एवढंच सांगणं: फोटो-व्हिडिओ कशासाठी वापरणार ते कागदावर घ्या आणि माल भरतानाच सही घ्या, कुणी कितीही हसो. ज्यांनी बॉक्स घेतलाय त्यांनी तो टाकू नका. खोकं, लेबल आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि 1915 वर आपली वेगळी तक्रार द्या. त्यांचं पेज नव्या नावाने पुन्हा सुरू झालंय. आता त्यावर सत्तरी तालुक्यातल्या एका बागेचे फोटो आहेत, मोठ्या तुळशीवृंदावनाचं घर, शेजारी ओळीने जायफळाची झाडं. ते घर कुणाचं ते आम्हाला कळलेलं नाही. ओळखत असाल तर त्या माणसांना आधी कळवा.