रेडियल टायर घाटात आणि घोडबंदरवर: एक पावसाळा, एक थंडी वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी सुझुकीची जिक्सर २५० बाइक. टायर पुढे ११०/७० आर १७, मागे १५०/६० आर १७, स्पोर्ट टूरिंग रेडियल, मधे जरा कडक रबर आणि दोन्ही बाजूंना मऊ अशा प्रकारचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ह्या साइझमधे बऱ्याच कंपन्यांचे असे टायर मिळतात आणि मला जे सांगायचंय ते ह्या प्रकाराबद्दल आहे. पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी टाकले, आता थंडी संपत आली, मधल्या काळात रोजचं ऑफिस आणि जवळजवळ प्रत्येक मोकळ्या रविवारी एखादा घाट असं सगळं ह्यांच्यावरच झालंय. नवीन टायर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटतात म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही.

आधी रोजचा रस्ता, कारण टायरचं आयुष्य तिथेच जातं. ठाण्यातल्या कासारवडवलीहून घोडबंदर रोडने ऐरोली. सरळ, ब्रेक, सरळ, ब्रेक, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, मग परत सरळ. घोडबंदर रोडवर गाडी झुकायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला घासत राहतो आणि बाजू कोऱ्या राहतात. माझ्या आधीच्या टायरचं हेच झालं होतं, मधून पाटासारखा सपाट. शहरात ह्याचा काही त्रास जाणवत नाही हो, पण तोच टायर घेऊन माळशेज चढायला लागलं की वळणात गाडी आधी झुकायलाच तयार होत नाही, हँडलला जोर द्यावा लागतो, आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत पडते. त्या क्षणी पोटात गोळा येतो. बरेच जण मग कोनसेट (हँडलची बेअरिंग) बदलतात, सस्पेन्शन दाखवतात, पैसे घालवतात आणि गाडी तशीच राहते. टायरवर आडवा हात फिरवून बघा, गोलाई संपून कड लागत असेल तर दुखणं तिथेच आहे. घाटासाठी टायर घ्यायचा म्हणजे नुसती ग्रिप बघून चालत नाही, रोजच्या सरळ रस्त्यावर तो गोल किती दिवस राहतो हे बघायचं, ह्या मतावर मी आता पक्का आहे.

रेडियल का, तर त्यात आतले दोरे चाकाच्या दिशेला काटकोनात असतात आणि वरून वेगळा पट्टा असतो, म्हणून साइडवॉल लवचिक राहते आणि रस्त्याला टेकलेला भाग झुकल्यावरही नीट टेकून राहतो. साध्या बायस टायरमधे दोऱ्यांचे थर तिरके एकमेकांवरून जातात, तो दणकट असतो, वजन वाहायला चांगला, पण लवकर तापतो. माझ्या गाडीला मुळातच रेडियल येतात, पैसे वाचवायला म्हणून बायस टाकू नका. आणि पुढे एक प्रकार मागे दुसरा असं तर अजिबात नको.

घेताना दुकानात जे झालं ते सांगायलाच पाहिजे. दुकानदाराने टायर काढून दिला, मी म्हटलं भाऊ जरा तारीख बघू. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे १८२४ असेल तर २०२४ सालचा अठरावा आठवडा. मला दाखवलेला माल बराच जुना निघाला. तो म्हणे, "दादा वापरलेला थोडीच आहे, गोडाऊनमधेच होता." वापरलेला नसतो पण रबर पडून पडूनही कडक होतं, आणि पावसात त्याचाच फरक पडतो. मी नाही म्हटलं, दुसऱ्या दुकानात गेलो, दोन दिवस थांबलो आणि ताजा माल मिळाला. दोन्ही मिळून बजेट दहा-बारा हजाराच्या घरात ठेवायचं. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघून घ्या, बॅलन्सिंग करून घ्या आणि व्हॉल्व नवीन टाका, ह्या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय होत नाहीत असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर नवीन टायर गुळगुळीत असतो, तेवढं अंतर मी बहुतेक ऑफिसला जाण्यात घालवलं आणि गाडी हळूहळू झुकवत नेली, येऊरच्या चढावर दोन-तीनदा सकाळी लवकर. त्यानंतर मग माळशेज.

ठाण्याहून माळशेज साधारण शंभर किलोमीटर. कल्याण, शहाड, म्हारळ, मग रायत्याचा पूल, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. मुरबाडपर्यंत ट्रॅफिक आहे, पुढे रस्ता मोकळा आणि सह्याद्रीची भिंत समोर यायला लागते. माझा पहिला थांबा नेहमी टोकावड्याच्या आसपासची एखादी टपरी. इथे थांबायचं कारण चहा तर आहेच पण घाट लागायच्या आधी टायर बघायला हीच जागा बरोबर पडते. मी हातमोजा काढून मागच्या टायरच्या मधोमध आणि मग कडेला तळहात लावतो. मधला भाग कोमट आणि कड गार असेल तर समजायचं की बाजू अजून तापलेली नाही, म्हणजे तिथे ग्रिप कमी, पहिली तीन-चार वळणं शांत घ्यायची. थंडीत तर कड अगदी गार लागते. एकदा टपरीवरच्या मावशींनी विचारलं, "काय रे बाळा, पंक्चर झाली का?" त्यांना सांगितलं नाही ओ मावशी, ताप बघतोय, तर म्हणाल्या, "मग चहा पी, तोवर तुझी गाडी पण दम खाईल." चहाबरोबर गरम कांदाभजी, बस.

पावसातल्या माळशेजमधे ह्या टायरनी माझा विश्वास कमावला. वरून धबधबे थेट रस्त्यावर पडत असतात, बोगद्याच्या आसपास धुकं एवढं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो, आणि वळणाच्या आतल्या बाजूला डोंगरातून वाहून आलेली माती आणि खडी साठलेली असते. नुसत्या वाहत्या पाण्यावर टायर पक्का बसतो, खाचांमधून पाणी बाहेर फेकतो ते मागच्या माणसाला दिसतं सुद्धा. मातीवर मात्र कुठलाच रोड टायर काही करू शकत नाही, तिथे गाडी सरळ ठेवून निघून जायचं. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि रम्बलरवर (वेग कमी करायला रस्त्यावर आखलेले उंच पट्टे) हा पण सरकतो, हे लक्षात ठेवा, विशेषतः उतरताना पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर. आणि सगळ्यात वाईट असतात ते पहिले एक-दोन पाऊस, रस्त्यावर वर्षभर सांडलेलं तेल आणि धूळ वर येते, त्या दिवसांत मी घाटात जातच नाही. आठ-दहा दिवस मुसळधार झाला की रस्ता धुऊन निघतो. दरडींचं बघून आणि धबधब्यांजवळ बंदी आहे का हे विचारून निघायचं, ते वेगळं सांगायला नको.

वर गेलं की खुबी फाटा. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरकडे जाणारे इथून वळतात, आणि बाजूला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. इथे मी जास्त वेळ थांबतो, पिठलं-भाकरी मिळाली तर जेवूनच घेतो, कारण परतीचा उतार टायरपेक्षा आपल्याला जास्त दमवतो. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी धरायची, ब्रेकवर सतत बसायचं नाही.

कसारा घाटाबद्दल थोडक्यात: रस्ता रुंद, ट्रक भरपूर, डिझेल सांडलेलं असतं, मजा कमी. मी तो फक्त पुढे जायला वापरतो. कसाऱ्याजवळून विहीगावकडे आत वळलात की खोडाळा, सूर्यमाळ, जव्हार असा जो रस्ता आहे तो मला ठाणे परिसरातला सगळ्यात आवडता, वळणं लहान लहान, गाड्या कमी, आणि इथे ह्या टायरची गोलाई कळते. डावीकडून उजवीकडे गाडी पालटताना कुठे अडकत नाही, मनात आलं की झुकली. पण मधले पॅच उखडलेले आहेत आणि साइडवॉल लवचिक असल्याने खड्ड्यात जोरात गेलात तर रिमला थेट मार बसेल, तिथे वेग कमीच ठेवा.

नेरळ-माथेरान दस्तुरी नाक्यापर्यंतचा चढ पण केला. अंतर छोटं पण चढ भयंकर आणि हेअरपिन वळणं आवळलेली. इथे टायरपेक्षा क्लच आणि डोकं महत्त्वाचं, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियम टॅक्सीवाले पाळतात, आपणही पाळावा. येताना कर्जतला वळून दिवाडकरांचा वडा.

नवी मुंबईकडून जाणाऱ्यांसाठी ताम्हिणी. पनवेल सोडलं की पळस्प्याला दत्त स्नॅक्समधे कोथिंबीर वडी, मग पेण, कोलाड आणि विळ्याहून वर. थंडीत केला, सकाळी कडक गारठा होता, टायर तापायला वेळ लागला पण एकदा तापल्यावर मुळशीच्या पाण्याच्या कडेची लांब वळणं अशी काही जातात की थांबावंसंच वाटत नाही. वरंधा घाट डबलसीट केला, बायको मागे. वाघजाईच्या देवळाजवळ टपऱ्यांवर भजी आणि चहा, समोर शिवथरच्या बाजूची खोल दरी, आम्ही दोघं तिथे तासभर बसलो असू. पावसाळ्यात वरंधा बऱ्याचदा बंद असतो, महाडला किंवा भोरला चौकशी करूनच पुढे जा.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण टायर चांगला असूनही निम्मे लोक इथे वाया घालवतात. हवा घरून निघताना, टायर गार असताना बघायची. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि काटा ३-४ पीएसआय जास्त दाखवतो, मग पंपवाला हवा काढतो आणि टायर प्रत्यक्षात कमी हवेवर पळतो. त्यात प्रत्येक पंपाचा काटा वेगळा. मी हवा मोजायचा स्वतःचा छोटा गेज घेतलाय, जॅकेटच्या खिशात मावतो. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्याचा आणि डबलसीटचा वेगळा, तोच ठेवा. घाटात ग्रिप वाढावी म्हणून हवा कमी करणारे बरेच भेटतात, पण त्याने रेडियलची साइडवॉल वळणात डुलते आणि गाडी लोळल्यासारखी वाटते. वरंध्याला मागचा डबलसीटच्या आकड्यावर होता आणि सामानासकट गाडी एकदाही जड वाटली नाही.

तक्रारी आहेत. मायलेज जरा कमी झालंय. घोडबंदरच्या काँक्रीटवर आधीच्या टायरपेक्षा आवाज जास्त येतो, मऊ रबरात बारीक खडे अडकतात, ते घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हरने काढावे लागतात, मी ते रविवारी संध्याकाळी करतो. आणि मधला पट्टा कडक असला तरी सपाट होणं थांबलेलं नाही, फक्त लांबलंय. आता हात फिरवला तर मागच्याला किंचित कड लागायला लागलीये, टीडब्ल्यूआयच्या (टायर किती झिजला ते दाखवणाऱ्या) खुणेपर्यंत रबर अजून बरंच शिल्लक आहे, म्हणजे झीज म्हणून टायर चालेल पण घाटासाठी त्याचे चांगले दिवस थोडेच उरलेत. कायद्याने टायर बाद होतो त्याच्या कितीतरी आधी तो वळणासाठी बाद होतो, आणि मी नवा टायर त्या हिशोबाने घेतो. महाग पडतं, मान्य आहे, पण मागे बायको बसलेली असताना वळणात गाडी एकदम आत पडलेली मला चालणार नाही.

मागचा मे मधे बदलणार, हाच प्रकार, हीच साइझ. १५० ऐवजी १६० मिलीमीटर रुंदीचा टाका, रुंद दिसतो असं सांगणारे मित्र आहेत, पण त्याच रिमवर रुंद टायर चढवला की तो बाजूने दाबला जातो आणि त्याची गोलाईच बदलते, मग रेडियल घेऊन फायदा काय. पुढच्या टायरच्या खाचांमधल्या रबराच्या ठोकळ्यांची एकच कड जास्त झिजायला लागलीये, उलटा हात फिरवला की बोटांना टोचतात, उतारावरच्या ब्रेकिंगने होतं असं. तो आणखी एक पावसाळा काढतो का हे बसवणाऱ्याला दाखवून ठरवेन, त्यानंतर आंबेनळी घाट करायचाय, पोलादपूरहून वर महाबळेश्वरला. त्या बाजूला सकाळी लवकर उघडणारी चांगली टपरी कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.