बॅटरी विकण्याआधी दुखणं शोधणारा इलेक्ट्रिशियन

नाशिकला सातपूर एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये हा ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. घरूनच काम असल्यामुळे आमची वॅगनआर पार्किंगमध्ये धूळ खात असते; आठवड्याने चावी फिरवली की नुसतं टकटक. आधीच्या गॅरेजने नवी बॅटरी गळ्यात मारली. तीही बसली.

यांनी आधी विचारलं, "ताई, बाहेरून काय काय बसवलंय?" मग निगेटिव्ह केबल सोडून मध्ये मल्टिमीटर लावला, गाडी लॉक केली आणि चक्क चहा मागवला. गाडीतली कंट्रोल युनिट्स झोपायला वेळ घेतात, लगेच रीडिंग घेतलं तर फसगत होते. अर्ध्या तासानंतरही बंद गाडी बॅटरीतून 240 मिलिअँपिअर करंट ओढत होती! 50च्या आत हवं. म्हणजे 35 अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत साफ. एकेक फ्यूज काढत गेले. स्टिरिओचा काढताच आकडा 20वर. बाहेर बसवून घेतलेल्या ॲम्प्लिफायरची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी वायर, कायम चालू लाइनला जोडलेली होती, त्यामुळे तो रात्रंदिवस जागा. ती चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या इग्निशन लाइनवर घेतली, सोल्डर करून वर स्लीव्हही चढवली.

500 रुपये घेतले, बॅटरी विकायचा प्रयत्नही नाही. फक्त फोन उचलत नाहीत आणि बसायला एकच स्टूल आहे, तेव्हा सकाळी लवकर गाठा.